कामठेची मान

माझी पोस्टिंग पुण्याच्या एका लष्करी रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरमध्ये झाली. घरी सांगितलं तेव्हा बुधवार पेठेतले आमचे काका म्हणाले, "म्हणजे बंदूक नाहीच का? मग फौज कसली?" काकांनी स्वतः जन्मभर विजेचे बल्ब विकले. मी वाद घातला नाही. पुढची अकरा वर्षं मी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या उजव्या हाताला उभा राहिलो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

फौजेबाहेरच्या माणसाला वाटतं, भूल म्हणजे सुई टोचली आणि झोप लागली. झोप लागते हे खरं, पण पूर्ण भुलीत श्वासही थांबतो. मग डॉक्टरांनी थोडक्या वेळात श्वासनलिकेत ट्यूब घालायची आणि यंत्राने श्वास द्यायचा. ट्यूब जाईना आणि मास्कनेही हवा जाईना, तर माणूस हातचा जातो. म्हणून आदल्या दिवशी तपासणी. उघडलेल्या तोंडात तीन बोटं मावतात का, पडजीभ दिसते का, हनुवटी आखूड आहे का, मान मागे किती जाते. दोन मिनिटांचं काम. आमच्या भूलतज्ज्ञ मेजर मॅडम पुण्याच्याच. त्या हे काम कधीही टाळत नसत. "इलाका आधी बघून ठेवायचा, हवालदार. लढाई लागल्यावर नकाशा उघडायचा नाही," असं म्हणायच्या.

नाईक बबन कामठे पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला. कात्रजच्या पलीकडच्या गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. लग्नाला सहा महिने झालेले. त्याची पलटण लवकरच बर्फाळ सरहद्दीवर निघणार होती आणि त्याला तिच्याबरोबर जायचंच होतं. दुपारी तीन वाजता मॅडमनी त्याला तपासलं. तोंड ठीक. पडजीभ ठीक.

"मान मागे."

"येस मॅडम." स्टुलावर ताठ बसलेल्या कामठेची नजर छताला लागली.

"जुनी दुखापत काही?"

"नो मॅडम."

मॅडमनी फॉर्म भरला. मी त्याला वॉर्डात सोडायला निघालो. व्हरांड्यात मागून कोणीतरी त्याला हाक मारली. कामठे वळला तो खांद्यांसकट, अख्खा वळला. ड्रिलमध्ये वर्षं काढलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटत नाही. मघाशी याची मान हललीच नव्हती. हा कमरेतून मागे गेला होता.

"मान कधी दुखावली?"

त्याने आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं. "गेल्या साली ऑब्स्टॅकल कोर्सला दोरावरनं पडलो. कुणाला सांगितलं न्हाई."

"का?"

"फिटनेसची क्याटेगरी जाईल की! पलटण वर जाईल, अन् म्या हितं स्टोअरात कांदं-बटाटं मोजत बसू? पाया पडतो हवालदारसाहेब, म्याडमना बोलू नगा."

दुखापत लपवणं ही फौजेतली जुनी खोड. पाय मोडलेला जवानही "ठीक है सर" म्हणतो. मी स्वतः अंगात ताप असताना परेडला उभा राहिलो आहे. मी त्याला शब्द दिला. ही चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला कामठे टेबलावर होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मॅडमनी भुलीच्या औषधाची सिरिंज सलाईनच्या नळीला जोडली. मी उशी नीट करायला त्याच्या डोक्याखाली हात घातला. डोकं उशीवर टेकतच नव्हतं. मान लाकडासारखी घट्ट लागली.

"मॅडम, थांबा."

थिएटरमध्ये हवालदाराने मेजरला थांबा म्हणायचं नसतं. सर्जन कर्नलसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"याची मान मागे जात नाही. काल कमरेतून वाकला. मला कालच कळलं होतं."

मॅडमनी सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली. मला कामठेचे खांदे दाबून धरायला सांगितलं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं मागे नेऊन पाहिलं. बोटभरही गेलं नाही.

"कामठे, खोटं बोललास?"

"येस मॅडम," मास्कमधून आवाज आला.

"आणि तुम्ही, हवालदार? मुहूर्त बघत होतात?"

"चूक झाली, मॅडम."

"ते नंतर. फायबरऑप्टिक आणा."

आता त्याला झोपवायचं नव्हतं. जागेपणीच घसा औषधाने बधिर करून, बारीक दुर्बिणीवरून ट्यूब आत न्यायची होती. कामठेने माझा हात धरला.

"ऑक्सिजन?"

"सत्त्याण्णव."

"सक्शन."

तो जोरात खोकला. डोळे पांढरे झाले.

"अठ्ठ्याऐंशी, मॅडम."

"मी थांबले. कामठे, श्वास घे. घाई नाही."

"त्र्याण्णव... शहाण्णव."

"आता ट्यूब."

आठ वाजून बारा मिनिटांनी ट्यूब आत गेली. मग त्याला झोपवलं. संध्याकाळी मॅडमनी मला दहा मिनिटं झापलं. शेवटी म्हणाल्या, "झोपवून मी याच्या घशात कितीही पाहिलं असतं तरी वाट दिसली नसती. बोललात ते बरं केलंत." दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे मान तपासताना खांद्यांवर हात ठेवायचा नियम झाला. मी रिटायर झालो तेव्हाही तो चालू होता. माझ्या छातीवरच्या पदकांपेक्षा मला त्याचं जास्त कौतुक आहे.

कामठेची कॅटेगरी गेली. पलटण त्याला सोडून गेली. वॉर्डात सगळ्यांसमोर त्याने मला चुगलखोर म्हटलं आणि मी ऐकून घेतलं. दीड वर्ष तो पुण्यातच राहिला, रोज मानेचे व्यायाम केले. मान पूर्ण सुटली नाही, पण मेडिकल बोर्डाला पटेल इतकी सुटली. तो पलटणीत परत गेला. पुढच्या वर्षी एका चौकीवर जखमी साथीदाराला ओढून आणताना त्याला गोळी लागली. साथीदार वाचला. नाईक बबन कामठे शहीद झाला.

गावात त्याचं छोटं स्मारक आहे. मी दरवर्षी जातो. त्याची मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या खेपेला तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, बाबांनी मला कधी उचलून घेतलं होतं का? आमच्याकडे तसा एकही फोटो नाही."

"घेतलं होतं," मी म्हणालो. "पलटणीत परत जायच्या आधी तुला घेऊन तो थिएटरच्या दाराशी आला होता. तू चार महिन्यांची. नुसती भोकाड पसरून रडत होतीस. तुला गप्प करता करता एवढा मोठा गडी घामाघूम झाला, पण मी हात पुढे केला तरी तुला देईना."

ती स्मारकाच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं.