सातबाऱ्यावरचा सिद्राम

सिद्राम गेल्याचं कळलं तेव्हा मी सोसायटीच्या नळाला घागर लावून उभा होतो. होटगीहून त्याचा शेजारी सायकल मारत आला. उतरला, तोंड पुसलं, आणि भरली घागर माझ्या पुढून उचलून बाजूला ठेवली. मी म्हटलं, "कोण?" तो म्हणाला, "सिद्रामअण्णा. सकाळी मेंढरं सोडली, कुंपणापाशी बसला... त्यो उठलाच न्हाय." नळ तसाच वाहत राहिला. हा नळ ज्या माळावर आहे तो माळ विकता विकता माझी तीन वर्षं गेली, आणि विकला गेला तो फक्त या माणसामुळं. सिद्रामला जाऊन आता महिना होऊन गेला. शेजारचे गुरुजी म्हणाले, तात्या, त्याच्याबद्दल पेपरात लिहा, मी शुद्ध करून देतो. मी दुसरी शिकलेला माणूस, पण माझं मला लिहिता येतं. म्हटलं, गुरुजी, वेलांट्या सुधारा, माणूस सुधारू नका.

माझ्या वडिलांनी होटगीच्या वाटेवर तीन एकर माळ घेऊन ठेवला होता. का घेतला ते त्यांनाच ठाऊक. कुदळ मारली की ठिणगी उडावी असा मुरूम. ना विहीर, ना रस्ता, दोन बाभळी आणि बाकी सगळं आभाळ. मी कापडाच्या गिरणीत साच्यावर विणकाम करणारा, राहायला गिरणीचीच खोली. वडील गेल्यावर माळ माझ्या नावावर आला, तरी वर्षातून एकदा जाऊन हद्दीचे दगड बघून यायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. सिद्राम मला तिथंच पहिल्यांदा भेटला. सांगोल्याकडचा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन इकडं उतरायचा. आमच्याकडं रीत अशी, की मेंढरं रानात मुक्कामाला बसवली तर खत होतं, म्हणून रानाचा मालक मेंढक्याला धान्य देतो. माझ्या माळावर काय पिकणार होतं कप्पाळ, पण मी त्याला ज्वारी द्यायचोच. मालक आहे म्हटल्यावर द्यायला नको? तो हसायचा. "तात्या, दगडाला खत घालून तुमी मला जवारी देताय व्हय? लोकं हसत्याल की." मी म्हणायचो, हसू दे, तू घे.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची निम्म्याहून जास्त मेंढरं गेली. उरलेली घेऊन तो आणि त्याची बायको गंगूबाई होटगीजवळ छप्पर घालून कायमचे राहिले. मूलबाळ नाही, स्वतःची वीतभर जमीन नाही. पुढच्या साली पाऊस बरा झाला तसा त्यानं मला न विचारता माळाच्या सखल कोपऱ्यात हुलगा पेरला. मी गेलो तर हिरवंगार. माझ्या जन्मात त्या माळावर मी हिरवं बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "इतकी वर्सं जवारी खाल्ली तुमची. म्हटलं, खत वाया कशाला घालवा." हुलगा निघाला तो सगळा त्यानं पोत्यात भरून माझ्या खोलीवर आणून टाकला. माझ्या बायकोनं त्यातला निम्मा त्याच्याच डोक्यावर परत दिला.

त्याच सुमाराला मी माळ विकायचं मनावर घेतलं. कारण साधं होतं. नोकरीची थोडी वर्षं उरली होती, आणि गिरणी सुटली की खोली सुटते. मला माझं छप्पर पाहिजे होतं. कुणाच्या पडवीत म्हातारपण काढणार नाही, असं मी बायकोला बोलून बसलो होतो. वाटलं, माळ आहे, शहर तिकडं सरकतंय, गिऱ्हाईक काय, रांग लावतील... पहिला आला त्यानं बुटाची टाच जमिनीवर आपटली, आवाज ऐकला आणि तसाच टांग्यात जाऊन बसला. दुसऱ्यानं पाणी बघायला माणूस आणला. पाणी असेल तिथं तळहातावरचा नारळ उभा राहतो म्हणे. तो माणूस तसा नारळ धरून सगळा माळ फिरला, नारळ काही उभा राहिला नाही. शेवटी तो बाभळीखाली बसला आणि नारळ फोडून आम्ही सगळ्यांनी खाल्ला. एका दलालानं सहा महिने मला झुलवलं. नंतर कळलं, तो गिऱ्हाइकांना माझा माळ आधी दाखवायचा, म्हणजे पुढं दुसऱ्याची जमीन बरी दिसावी. मी त्याला त्याच्या दुकानात जाऊन चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "तात्या, रागावू नका, तुमच्या माळामुळं माझे तीन व्यवहार झाले."

मग हेच गुरुजी आले, आताचे माझे शेजारी. शाळामास्तरांची नवी सोसायटी होती, त्यांना घरं बांधायला मोकळी जागा हवी होती. पीक नको, पाणी नगरपालिकेचं आणू म्हणाले. मुरूम बघून ते खूश झाले. "पाया पक्का बसेल," म्हणाले. इतक्या दिवसांत माझ्या माळाला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस. मी तिथंच अट घातली, की दोन प्लॉट माझ्या नावानं राखायचे, त्यातल्या एकावर मी घर बांधणार. ते कबूल झाले. फक्त सातबारा आणा म्हणाले. मी तलाठ्याकडून उतारा घेतला, न वाचता घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी चष्मा लावला, खालच्या बाजूला बोट ठेवलं. "तात्या, हा सिद्राम कोण? जमीन कसणाऱ्याच्या रकान्यात दोन वर्षं याचं नाव आहे. हे कूळ लागलं. उद्या यानं हक्क सांगितला तर आमची सगळ्यांची घरं अडकतील. आधी हे नाव काढून आणा."

माझं डोकंच फिरलं. तसाच होटगी गाठली. सिद्राम छपराबाहेर लोकर कातरत बसला होता, भोवती चारपाच माणसं. मी सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. मेंढरं बसवायला जागा दिली तर तू बूड टेकलंस, हुलगा पेरलास तो याचसाठी, भोळा बनून माझं घर खाल्लंस... आणखीही बोललो, ते लिहीत नाही. तो उठून उभा राहिला. हातात कातर तशीच. "तात्या, माजं नाव? कुटं हाय? दावा की." मी उतारा त्याच्या तोंडासमोर धरला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं हळूच बोट लावलं. "ह्ये? ह्ये सिद्राम हाय?" आपलं नाव कागदावर लिहिलेलं त्यानं जन्मात पहिल्यांदा बघितलं, आणि ते असं. मी कागद ओढून घेतला आणि निघालो. मागून कुणीतरी म्हणालेलं ऐकलं, "सोडू नगंस सिद्रामा. कायद्यानं दिलंय, देवानं दिलंय."

त्यानंतर सात-आठ महिने मी त्याचं तोंड बघितलं नाही. वकिलाकडं गेलो, तो म्हणाला, खूप वर्षं लागतील. त्याची मेंढरं माझ्या माळावर दिसेनाशी झाली. बायको म्हणायची, एकदा जाऊन नीट विचारा तरी. मी म्हणायचो, विचारायचं त्यानं. असल्या हट्टानं माझं आयुष्यात फार नुकसान झालं आहे, पण ते मला नेहमी नंतर कळतं.

मला ठाऊक नव्हतं ते हे, की सिद्राम दर सोमवारी होटगीहून चालत मामलेदार कचेरीत जात होता. कुणी सोबत नाही, वकील नाही. खिडकीशी उभा राहून सांगायचा, माजं नाव काडा. कारकून त्याला हसायचे. जमीन मिळावी म्हणून लोक तिथं पायऱ्या झिजवतात, आणि हा नको म्हणायला येतो! एकानं त्याला बाजूला घेऊन समजावलं, "येड्या, गप बस, तीन एकराचा मालक होशील." दुसऱ्यानं विचारलं, मालकानं पाजली काय तुला? अर्ज लिहून आण म्हणाले, त्यानं कुणाकडून तरी लिहवून आणला. तारीख पडली, साहेब दौऱ्यावर. पुन्हा तारीख, तलाठी रजेवर. तो कचेरीच्या पायरीवर बसायचा, भाकरी खायचा, संध्याकाळी चालत परत. हे सगळं मला नंतर कारकुनांनी सांगितलं; आधी कचेरीतून माझ्या नावानं नुसता कागद आला. हजर राहा, चौकशी आहे.

मामलेदारसाहेब तरणे होते, पण नजर कडक. त्यांनी आधी सिद्रामलाच विचारलं, "या माणसानं तुला दमदाटी केली का? खरं बोल. कायदा तुझ्या बाजूचा आहे."

"दमदाटी कशाची, रावसाहेब? शिव्या दिल्या, त्या बी एकदाच."

"मग जमीन सोडतोस कशाला?"

"धरली कवा हुती? हुलगा पेरला, तात्याच्या घरी पोचवला. आन् धरून तरी काय करू? माजी मेंढरं तितं गवत हुडकून हुडकून दमल्यात."

कारकून हसले. साहेबही हसले, पण चौकशी सोडली नाही. तलाठ्याकडं वळून म्हणाले, नाव लागलं कसं? तलाठ्यानं वही उघडली आणि वाचलं, की जागेवर मालक हजर होते, मालकानंच तोंडी सांगितलं... आणि माझ्या डोळ्यांपुढं तो दिवस उभा राहिला. पीक बघायला तलाठी माळावर आला होता आणि जाता जाता म्हणाला होता, हे पडीकच लिहायचं ना नेहमीसारखं? मला झोंबलं. वडिलांची जमीन, आणि पहिल्यांदा तिच्यावर पीक उभं. म्हटलं, पडीक कुणाला म्हणता, भाऊसाहेब? हुलगा दिसत नाही का? तो म्हणाला, तुम्ही तर गिरणीत, मग कसतं कोण? मी छाती पुढं काढून सांगितलं होतं, आमचा सिद्राम कसतो, लिहा! दुसऱ्या वर्षीही त्यानं हुलगा पेरला, तेव्हाही मीच सांगितलं. माझ्या जमिनीला पडीक म्हणू नये एवढ्यासाठी मीच ते नाव लिहवून घेतलं, आणि त्याच नावावरून त्याला भर वस्तीत चोर ठरवलं.

माझी मान वर होईना. तेवढ्यात सिद्रामच पुढं झाला. "रावसाहेब, तात्यांनी कौतुकानं घेतलं माजं नाव. मानसानं कौतुक करू नये व्हय? ती काय चूक न्हाय. तुमी अंगठा घ्या की माजा."

साहेबांनी अंगठा घेतला.

बाहेर आल्यावर आम्ही पायऱ्या उतरलो. खाली मी म्हटलं, "सिद्रामा, माझं चुकलं." हे वाक्य मी गिरणीत तीस वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "च्या पाजा मग." चहा पिताना मी विचारलं, "खरं सांग, तुला मोह झाला नाही?" बशीत फुंकर मारत तो म्हणाला, "झाला की. लई झाला. तीन दिस भाकर गोड लागली न्हाय. गंगी बी म्हणाली, बगा बाबा. पर जमीन घितली आसती तर तुमी दिलेल्या शिव्या खऱ्या झाल्या आसत्या. त्या खोट्या पडल्या पायजेत म्हणून सोडली." आणि बशी माझ्यापुढं सरकवली. "आनी एक च्या सांगा."

उताऱ्यावरचं नाव निघालं, माळ विकला गेला, सोसायटी उभी राहिली. गिरणी सुटायच्या आधी मी माझ्या घरात राहायला आलो. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि पाया खरंच पक्का. दुसरा प्लॉट मी सिद्रामला द्यायला निघालो तर तो ऐकेना. मी हट्टी, तर तो माझ्या वर. "तात्या, आता कुटं नाव निगालंय, पुन्ना घालता व्हय?" मी रागावून बघितलं, बायकोकडून सांगवून बघितलं. दर वर्षी विचारायचो, दर वर्षी तो हसून मेंढरांमागं चालू लागायचा. प्लॉट मोकळाच राहिला.

सिद्रामचे दिवस झाल्यावर मी गंगूबाईकडं गेलो. म्हटलं, तो प्लॉट तुझ्या नावावर करायचा आहे, अंगठा द्यायला चल. तिनं पदर तोंडाला लावला. "ह्येनी नगं म्हटलेलं मी घिऊ कशी, तात्या?" मी म्हटलं, "त्यानं नको म्हणायचं काम पुरं केलं. आता मला अडवायला तो यायचा नाही." ती रडता रडता हसली. मग बराच विचार करून म्हणाली, "तितं मेंढरं बसवली तर मास्तरीनबाया वरडत्याल का?" म्हटलं, "जागा तुझी. तू हत्ती बसव."

गेल्या सोमवारी तिला घेऊन कचेरीत गेलो. गुरुजींनी सोसायटीचा कागद दिला होता, अर्जही लिहून दिला होता. खिडकीतल्या नव्या पोरग्यानं वाचला आणि विचारलं, "आजोबा, ही बाई कोण? कूळ का?" म्हटलं, "नाही. मालकीण. नीट अक्षरात लिहा." त्यानं काहीतरी शिक्का शोधला, तो सापडला नाही. म्हणाला, साहेब जेवून येतील, बाहेर बसा.

आम्ही पायरीवर बसलो. ऊन चांगलंच होतं. गंगूबाई उठली आणि पलीकडच्या टोकाला, खांबाच्या आडोशाला जाऊन बसली. म्हणाली, "ह्येनी सांगायचे, हितं दुपारभर सावली ऱ्हाती." मीही सरकलो. खरंच राहते. साहेब काही त्या दिवशी आले नाहीत. पोरगं म्हणालं, पुढच्या सोमवारी या. गंगूबाईनं भाकरीचं फडकं झटकलं, घडी केली, आणि माझ्या आधी तीच म्हणाली, "येतो की."