ब्लॉगवर माझी ओळख

२०२४ साल. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आई सांगायची त्याप्रमाणे त्र्याहत्तर. दाखल्यावरची तारीख गुरुजींनी अंदाजानं टाकलेली, तेव्हा मी आईचं खरं धरतो.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमच्या ब्लॉगवर लेखकांची ओळख टाकायचं ठरलं. ब्लॉग बास्केटबॉलचा, मराठीतून. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाच्या नादी आम्ही नाशकात बसून लागलेलो. लिहिणारे तिघं. एक माझी सून, ती कॉलेजच्या संघातून खेळायची. दुसरी तिची तेव्हाची संघातली जोडीदारीण, आता अंबडला एका कंपनीत नोकरीला. तिसरा मी.

माझं कसं झालं, तर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी दिवाणावर पडून राहिलो. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ, म्हणून सामने सकाळी लागतात. सून डबे करता करता आवाज बारीक करून बघायची. मी आधी कुरकुर केली, की पळतात कमी आणि शिट्टीच जास्त वाजते, हा कसला खेळ. मग एकदा ती पाणी भरायला गेली असताना मीच तिला ओरडून बोलावलं, का तर आपली पोरं बचावाला मागं येत नव्हती. 'आपली' म्हणालो ते माझं मलाच ऐकू आलं.

संघ हरणारा, त्यामुळे बोलायला भरपूर. मी फोनवर बोलून ठेवायचो, सून ते ऐकून लिहून काढायची आणि माझी भाषा जरा धुऊन-पुसून घ्यायची. वाचणारे थोडे, पण इमानी. ते मला 'सर' म्हणायचे. कुणाला वाटे मी कॉलेजात शिकवत असणार, कुणाला वाटे मैदानावर. मी तसं कुणाला सांगितलं नव्हतं. पण गोड लागायचं, हे खरं.

ओळख लिहायला सून पुढ्यात बसली.

"मामा, शिक्षण लिहायचं का?" सासऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात.

"लिही की. चौथी पास."

"नाही लिहिलं तरी चालतंय. आम्ही दोघी आमचं नाही लिहीत."

"तुम्ही नका लिहू. मी काय चोरी केली का?"

तिनं लिहिलं, आणि मला धाकधूक लागली. चौथी शिकलेला म्हातारा कोचच्या चुका काढतो म्हणून लोक हसणार. मला हसले तर हसू द्या, पण त्या दोघींनी इतक्या हौसेनं चालवलेलं काम माझ्यापायी हलकं ठरणार. अजून खोडता आलं असतं. पण बोललेला शब्द मागं घ्यायची सवय मला कारखान्यातल्या साहेबांनीसुद्धा लावता आली नाही. मनाशी एवढं ठरवलं, की एकानं जरी शिक्षणावरून टोमणा मारला तर आपण बोलणं बंद करायचं.

फोटोसाठी द्वारका चौकाजवळच्या स्टुडिओत गेलो. पांढरी टोपी, मुलाच्या लग्नातला कोट. फोटोवाला म्हणाला, बाबा, थोडं हसा. मी हसलो नाही. लेखक आहोत, जोकर नाही.

वडीलधारा म्हणून माझी ओळख सगळ्यात वर. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, लिहितानाही नाही. म्हणून तिनं नावाच्या जागी 'आमच्या घराचा आधारवड' असं लिहिलं. खाली, 'आयुष्यभर कारखान्यात कष्ट केले. शिक्षण चौथी. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कधी हार मानली नाही.' वाचून मला तर बरंच वाटलं. जोडीदारणीनं दुपारच्या सुट्टीत ते पान चढवलं. फोटो उघडाबोडका दिसतो म्हणून तिनं मोबाईलमध्ये दिवाळीची झेंडूच्या फुलांची चौकट होती ती लावली, आणि वाचकांच्या ग्रुपवर पाठवून दिलं.

मी सुनेचा फोन हातात घेऊन बसलो. चहा आला, तो गार झाला. पहिलं उत्तर आलं, जोडलेले हात. म्हटलं नमस्कार केला असेल. दुसरं आलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग रांगच लागली. पान उघडून कोण बघतो? वरचा जे लिहितो तेच खालचा लिहितो. 'सर गेले, बाक रिकामा झाला,' असंही एकानं लिहिलं.

तेवढ्यात त्याच फोनवर माझा मेहुणा, दिंडोरीहून. त्याच्यापर्यंत कुणीतरी पोचवलं होतं. मी उचलला तर समोरून रडका आवाज. "दाजी गेले म्हणं. किती वाजता काढणार?"

"मीच बोलतोय."

त्यानं नाक शिंकरलं. मग म्हणाला, "मंग फवारणी सोडून येऊ का नको?"

सून हसून हसून खाली बसली. जोडीदारणीचा फोन आला, ती रडकुंडीला आलेली, माफी मागत होती. मीही हसलो, पण धाकधूक काही जाईना. श्रद्धांजली लिहिणाऱ्यांनी माझी चौथी वाचली असेल-नसेल, पण मेलेल्याला कुणी नावं ठेवत नाही. माझा निकाल अजून लागलाच नव्हता. जिवंत आहे म्हणून कळलं की लागणार.

दोघींचं म्हणणं पडलं, की चौकट काढू, दोन ओळींचा खुलासा टाकू आणि शिक्षणाची ओळही गुपचूप उडवू, एवढ्या गोंधळात कुणाच्या लक्षात येणार नाही. मी नाही म्हणालो. लिहिलेला खुलासा कुणीही लिहू शकतो. माझा आवाज टाका, आणि आहे तसा टाका.

"मामा, तसाच?" सुनेनं विचारलं. "मग लोकांना सगळंच कळेल."

"कळू दे," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामना होता. आम्ही हरलो. टीव्ही बंद केला, फोन तोंडाशी धरला, जिवंत असल्याचं सांगितलं, चौथी शिकलोय हेही सांगितलं, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये उंच गड्याला बसवून ठेवला म्हणून कोचला झाडायला सुरुवात केली.