बाबांचा हात

ओल्या निंबाची डहाळी ओरबाडताना बोटांना जो कडवट, हिरवा वास लागतो, तो माझ्या बालपणाचा वास आहे... अकोटजवळच्या आमच्या भाजीच्या मळ्यात विहिरीकाठी निंब होता, आणि घरची रीत अशी की, ज्याला मार खायचा त्यानंच झाडाचा फोक तोडून आणायचा. "जाय, फोक आन," एवढंच बाबा म्हणायचे. वाळका फोक पहिल्याच फटक्याला मोडतो, हे मी लवकर शिकले; आणि तो मोडला की ओला आणायला पुन्हा धाडतात, हेही शिकले. माझं निम्मं शहाणपण त्या झाडाखालचं आहे.

बकरी मेथीच्या वाफ्यात शिरली म्हणून, दूध उतू गेलं म्हणून, कधी नुसतं उलटून बोलले म्हणून... संध्याकाळी आई पोटऱ्यांवरच्या वळांना हळद-तेल लावायची. चुलीचा धूर, ओसरीवर रचलेल्या कांद्याच्या पातीचा उग्र दर्प, आणि पलीकडे पाठमोरे बसलेले बाबा. कष्टाळू, सरळ माणूस. पण मी त्यांना भीत होते, आणि त्या भीतीलाच सारे कौतुकानं 'वळण' म्हणत.

आई गेल्यावर बाबा अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या घरी राहायला आले. परसात वाफा करून त्यांनी मिरचीचं रोप टाकलं. माझी पाच वर्षांची मनू सदा त्यांच्या मागं-मागं; तरी दोघांना एकटं सोडून मी कधी कोपऱ्यावरच्या दुकानातही गेले नव्हते. या हिवाळ्यात मात्र कामासाठी अमरावतीला जावंच लागलं. काम होताच मिळेल ती पहिली बस धरली.

परतले, तर बाबा फाटकाशी उन्हात, अनवाणी उभे.

"काय झालं? मनू कुठं आहे?"

"आत आहे. सारं रोप उपटून तिनं दुकान मांडलं," ते म्हणाले. "माहा हात उठला होता. म्हनून बाहेर निंगून आलो."

मी धावत परसात गेले. रोपांच्या जुड्या बांधून मनू गिऱ्हाइकाची वाट पाहत बसली होती, स्वतःशीच गुणगुणत. अंगावर मातीशिवाय कसली खूण नव्हती. तरी मी तिचे हात, तिची पाठ, तिच्या पोटऱ्या चाचपून पाहिल्या. "आई, गुदगुल्या होतात ना," ती म्हणाली, आणि मला रडू कोसळलं... कितीतरी वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

मागच्या दारापर्यंत येऊन बाबा उंबऱ्याशीच थांबले होते. घरात कधी कुणाला काही विचारायची सवय नसलेला तो माणूस हळूच म्हणाला, "आता येऊ काय?"

"या ना, बाबा."

ते मनूसमोर उकिडवे बसले, एक जुडी उचलून मुळांची माती झटकत राहिले. रोप काही पुन्हा लागलं नाही. यंदा आमच्याकडे मिरची विकतची आहे.