किसनभाऊची बोटं अन् डिस्क

ग्राइंडरचा बुरादा अन् आमचे किस्से, दोन्ही सारखेच. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच! आदिलाबादजवळच्या बेल्यात किसनभाऊच्या वेल्डिंगच्या दुकानात मी जन्मभर लोखंड घासलं अन् किसनभाऊच्या खोड्या काढल्या. लोखंड तरी चमकलं!

*

कोणत्या कामाले ग्राइंडरची कोणती डिस्क, ह्यात किसनभाऊ मास्तर. पातळ कापायला, जाड घासायला, पाकळ्यांची सफाईला. एकदा जाड संपली. मी म्हनलं, "थांब, आदिलाबादहून आनतो."

"तू येईस्तोवर माह्यी दाढी पिकन!"

दाढी पिकलेलीच होती. बसला पातळ डिस्कनंच घासत. फाडकन फुटली! तुकडा कानाजवळून गेला अन् टिनाच्या भिंतीत रुतला. किसनभाऊनं कान चाचपला. "हाय बे, जाग्यावर हाय."

"हाय, पन कोनाचं आयकते कुठं!"

*

एक फिरता व्यापारी स्वस्तात डिस्क घेऊन आला. डिस्कच्या मधल्या कड्यावर तारीख छापलेली असते, ती कधीचीच उलटून गेली होती. किसनभाऊ म्हने, "सेठ, इसकी तारीख तो निकल गई."

"चाचा, पत्थर है, दही थोडी है!"

किसनभाऊले पटलं. तिसरीच डिस्क चालता चालता भुगा झाली. "दही फाटलं, भाऊ!" मी वरडलो. शिव्या मलेच.

*

विहाराची स्टीलची रेलिंग केली. ट्रॉलीचं लोखंड घासलेली डिस्कच किसनभाऊनं स्टीलवर फिरवली. लोखंडाचे कण चिकटले, आठ दिवसांत तांबडे ठिपके! विहाराचं काम पाहणारे गुरुजी आले. "किसनराव, स्टीलला गंज?"

मी म्हनलं, "गुरुजी, गोवर हाय, उतरून जाईल."

ते हसले नाहीत. नवी डिस्क लावून आमी सगळी रेलिंग पुन्हा घासली.

*

कापलेल्या लोखंडाच्या काठावर धार राहिली का, हे आमी कापसाच्या बोळ्यानं पाहतो. बोळा काठावरून फिरवायचा, तंतू अडकला की पुन्हा घासायचं. किसनभाऊले बोळा नको. "माह्या बोटाले दिसते!"

पण मशीनच्या थरथरीनं त्याची बोटं पांढरी पडून राह्यली होती. डॉक्टर म्हनाले, मशीन सोडा, नाहीतर बोटं कामातून जातील.

"मशीन सोडली तं बोटं ठेवून करू काय?" असं डॉक्टरलेच विचारून किसनभाऊ परत आला अन् बटन दाबलं.

मले खोडी सुचली. उकळता चहा स्टीलच्या गिलासात ओतला अन् त्याच्या मुठीत दिला. आता उडी मारते, शिव्या देते, म्हणून दोन पावलं मागं सरून उभा राह्यलो.

त्यानं मूठ घट्ट आवळून गिलास धरला. फुंकून फुंकून, निवांत प्याला.

"काऊन बे, आज हसून नाई राह्यला?"

*

यंदा नातीच्या बारशासाठी त्यानं पाळणा केला. पाच दिवस दुसऱ्या कामाले हात लावला नाही. पाकळ्यांची कोरी डिस्क काढली, काठ घासले. मग डोळे मिटले अन् चारही काठांवरून बोटं फिरवली, लेकराच्या पाठीवरून फिरवावी तशी.

"लोण्यावानी झाला!"

डोळे उघडले, तं एका काठावर लांब लाल रेघ.

"बारशाच्या आधीच कुंकू कोनं लावलं बे?"

मी त्याचा हात फडक्यात घट्ट धरला. "मीच, भाऊ. गंमत केली."