भट्टीतून काढलेली काच

"तू धरलीस का ती काच? केतन, परत धुऊन घे."

सर मान वर न करता म्हणाले. माझ्या हातात मोजे होते. काच मीच साबणाने, मग स्पिरिटने धुतली होती. माझ्या वर्गातल्या केतनने ती माझ्यासमोर पुन्हा नळाखाली धरली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

आधी मला वाटलं, हे शास्त्र असेल. जळगावच्या कॉलेजात आम्ही रंगावर चालणारे सोलर सेल करतो. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पेस्टचा पातळ थर द्यायचा आणि भट्टीत तापवायचा. चिकट भाग जळून जातो, थराला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. त्यांत रंग मुरतो. जितका रंग मुरेल, तितकी वीज. बोटाचं तेल लागलं तर थर धरत नाही. सर काटेकोर आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण केतन उघड्या हातांनी काच धरायचा. त्याची काच कोणी धुतली नाही. मग पहिला दिवस आठवला. सरांनी आडनाव विचारलं होतं. दोंडाईच्याजवळचं माझं गाव ऐकून म्हणाले होते, "गावात, की गावाबाहेर?"

आईला फोन केला. "आते गप राह्य, बेटा. बठ्ठं त्यासना हातमा शे."

सगळं सरांच्याच हातात होतं, ते खरंच. मी काचा धुत राहिले.

मागच्या आठवड्यात, कॉलेजच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, माझा थर भट्टीतून निघाला. तो कोमट असतानाच रंगात बुडवावा लागतो. गार झाला की हवेतली ओल भोकांत शिरते. मी चिमट्याने काच उचलली.

"थांब. केतन येऊ दे. रंगाच्या भांड्याला तू हात लावू नको."

केतन कॅन्टीनला गेला होता. काच गार होत होती. सगळे खाली बघत होते.

"सर, तोवर थर वाया जाईल."

"जाऊ दे."

थर वाया गेलेला त्यांना चालणार होता. माझा हात चालणार नव्हता.

मी झाकण काढलं. काच रंगात सोडली.

सर अगदी जवळ आले. आवाज न चढवता म्हणाले, "तोंडी परीक्षा मीच घेतो. दार लावून घेतो."

थर लालभडक रंगला. प्रदर्शनात त्या सेलवर केतनच्या नावाची चिठ्ठी होती.

उद्या तोंडी परीक्षा आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण दार लागलं तरी मी समोर बसणार. सेल मी केला, हे सांगणार. विचारलं नाही तरी सांगणार. नापास केलं, तर पुढच्या वर्षी याच प्रयोगशाळेत परत येणार.