सहा आठवड्यांचं लंडन

“ताई, चार वाजता कंपनीत मीटिंग आहे. मला क्रेनवरनं कायमचं उतरवणार.”

धनराज पाटील दारात उभा राहून हे म्हणाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी इलेक्ट्रोड धूत होते. मागे त्याची बायको मंगला, पदराचं टोक दातात धरून. धनराज मूळचा जळगावकडचा. बडोद्याबाहेर सावली गावाजवळ तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात क्रेन चालवायचा. क्रेनवरून उतरवलं की पॅकिंगमध्ये. पॅकिंगमधली माणसं वर्षभरात घरी, हे सावलीत सगळ्यांना माहीत होतं.

मी बडोद्यात फतेगंजातल्या एका न्यूरोलॉजी क्लिनिकमध्ये ईईजी टेक्निशियन. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवायच्या आणि मेंदूतली वीज कागदावर उतरवायची. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. पेनं नाचायची, घडीच्या कागदाचा गठ्ठा सरकत राहायचा. आमच्या कामाचा एक दंडक असतो. मशीन चालू असताना पेशंट जे जे करतो ते टेक्निशियनने कागदावर त्याच जागी लिहायचं. खोकला, डोळे उघडले, गिळलं. कारण स्नायूंनाही वीज असते, आणि पेन काही मेंदू आणि जबडा यांत भेदभाव करत नाही.

धनराज कंपनीत पडला, फिट आली असं सगळे म्हणाले, म्हणून चार दिवसांपूर्वी त्याचा ईईजी मीच काढला होता. त्याच्या हातातलं रिपोर्टचं पाकीट मी उघडलं. आत लिहिलं होतं: डाव्या कानशिलाजवळ फिटचे स्पष्ट संकेत. निदान, अपस्मार. उंचीवरचं आणि यंत्रावरचं काम बंद.

“ताई, मिरगी आहे का मला? खरं सांगा.”

मी उठले. कपाटातून त्याचा गठ्ठा काढला. तिसाव्या पानाच्या आसपास पेनं डावीकडे वेड्यासारखी नाचली होती. आणि त्याच्यावर माझ्या अक्षरात, मोठ्या लिपीत, दोनदा अधोरेखित: CHEWING.

मला लख्ख आठवलं. धनराज बडोद्यात येऊन गुजराती झाला होता तो एवढ्याच बाबतीत, की गालात सतत मावा. सुपारी, तंबाखू, चुना. मी थुंकायला सांगितलं होतं, तो थुंकलाही होता, पण डाव्या गालात एक खांड राखून. मी तोंड बघितलं नाही. मधेच जबडा हलायला लागला तेव्हा कळलं. मग मशीन थांबवून चूळ भरायला लावली आणि पुढचा ईईजी काढला. ती पुढची चाळीस पानं तळ्यातल्या पाण्यासारखी शांत.

“बस इथे,” मी म्हटलं. “आणि तोंड रिकामं ठेव.”

“आजपासून सोडला, ताई.”

“गालात काय आहे मग?”

तो उठून बाहेर थुंकून आला.

मी गठ्ठा घेऊन डॉक्टर मिहिरच्या केबिनमध्ये गेले. हे आमचे नवे साहेब. एमडी मेडिसिन. ताप, मधुमेह, रक्तदाब यांत खरोखर हुशार. आवाज गोड. मी कागद टेबलावर पसरला.

“साहेब, ही फिट नाही. हा मावा आहे.”

“सुलभाबेन, मी टेक्निशियनच्या पेन्सिलवर रिपोर्ट करत नाही. मी वेव्ह बघतो.”

“मग पुढची चाळीस पानं पण बघा.”

“मला जे मिळायचं ते मिळालं होतं.”

“त्या माणसाची नोकरी जातेय!”

“तमे तार लगावो, बेन. वांचवानुं काम अमारुं.” तुम्ही तारा लावा, वाचायचं काम आमचं. हे हसत म्हणाले. रागावून म्हणाले असते तर मी कदाचित घाबरले असते. हसल्यामुळे माझ्या कानांतून वाफ निघाली. माझा नवरा म्हणतो, मला राग आला की मी पदर खोचते आणि मग दोन तास कुणाचं ऐकत नाही. मी पदर खोचला.

धनराजला मी विचारलं, “या साहेबांकडे तुला पाठवलं कुणी?”

“कंपनीच्या पर्सोनेलवाल्यांनी. तुमच्याकडचा छापील कागद होता त्यांच्याकडे. म्हणाले, लंडनवाल्या डॉक्टरलाच दाखव.”

आणि इथे माझा राग जो निघाला होता, तो वळला आणि माझ्याच अंगावर आला.

कारण तो छापील कागद मी लिहिला होता. कंपन्यांशी करार करायचे तर आमच्या डॉक्टरांचं शिक्षण सांगणारं पत्रक हवं, असं ठरलं. आमचे पणजोबा बडोदा संस्थानात कारकून, त्यांचं वळणदार अक्षर माझ्याकडे आलेलं, त्यामुळे कागद म्हटला की घरातले सगळे माझ्याकडे बघतात, क्लिनिकही बघायला लागलं. क्लिनिक ज्यांचं, त्या मोठ्या साहेबांचं सोपं होतं. एमबीबीएस, एमडी, त्यावर मुंबईत तीन वर्षं फक्त मेंदू आणि नसांची डीएम पदवी. डॉक्टर मिहिरनी एका चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं: लंडन, सहा आठवडे, ऑब्झर्व्हर. ऑब्झर्व्हर म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या मागे हात बांधून उभं राहायचं आणि बघायचं. पेशंटला हातसुद्धा लावायचा नाही. पण तो शब्द ओळीत बसेना, आणि दिसायलाही क्रिकेटच्या अंपायरसारखा. मी ‘लंडन ट्रेन्ड’ करून टाकलं. प्रूफ बघून डॉक्टर मिहिर म्हणाले, “सरस!” सहा आठवड्यांचं लंडन मी एका दुपारी जन्मभराचं केलं, आणि वर चहा प्यायले.

मोठे साहेब दुपारी तीनला यायचे. तोवर उशीर झाला असता. पण गुरुवार होता आणि गुरुवारी सकाळी ते स्वतः खंडेराव मार्केटात भाजी घ्यायचे, हे सगळ्या स्टाफला पाठ होतं. मी मोपेड काढली. गठ्ठा पायाशी.

साहेब दुधीला नख लावून बघत होते.

“सुलभा? काय झालं?”

मी तिथेच दुध्यांच्या ढिगावर कागद उलगडला. भाजीवाली ओरडली, “ए बेन, मारुं शाक!” साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला. एक पान, दोन पानं, मग एकदम पुढची चाळीस.

“चावत होता,” ते म्हणाले.

“मी लिहिलंय तसं.”

“दिसतंय.” मग कागदाची घडी घालत, “त्याला फिट आली तेव्हा आधी काय झालं होतं, कुणी विचारलं?”

रिपोर्टमध्ये त्याविषयी एक ओळ नव्हती. मी मानेनेच नाही म्हटलं. साहेबांनी दुधी ठेवून दिला. त्यांना राग आला की ते खरेदी अर्धवट टाकतात. मी तेरा वर्षांत दुसऱ्यांदा बघितलं.

क्लिनिकमध्ये त्यांनी धनराजला समोर बसवलं.

“पडलास त्या दिवशी सकाळपासून काय काय केलंस? सगळं सांग.”

“काही नाही साहेब. कंपनीत रक्तदान शिबिर होतं. रक्त दिलं.”

“चहा-बिस्कीट घेतलंस?”

“शिफ्ट लागली होती. पळालो. जिन्यात डोळ्यांपुढे काळोख आला, घाम सुटला. मग हातपाय झटकले म्हणे थोडे.”

“सकाळी जेवला होतास?”

मंगला पहिल्यांदा बोलली. “कुठलं जेवतात! मावा खाऊन पोट भरतं त्यांचं.”

रक्त दिल्यावर उपाशीपोटी जिना चढून पडला होता. असा पडताना माणूस थोडा झटकतोही, ती मिरगी नव्हे. एवढंच होतं. ते कळायला मशीन लागत नाही, पाच प्रश्न लागतात.

साहेबांनी मला पुन्हा ईईजी काढायला लावला. या वेळी मी टॉर्च घेऊन धनराजचे दोन्ही गाल आतून तपासले. पेनं शांत. साहेबांनी स्वतः हाताने पत्र लिहिलं, आधीचा रिपोर्ट चूक, रद्द समजावा, आणि पावणेचारला कंपनीच्या डॉक्टरांना फोन केला. फोनवर त्यांनी ‘आमची चूक’ असं तीनदा म्हटलं. मी मोजलं, कारण त्यातली एक माझी होती; ‘लंडन ट्रेन्ड’चं मी त्यांना सांगून टाकलं होतं.

मग डॉक्टर मिहिरना बोलावलं. ते म्हणाले, “सर, नोट पेन्सिलमध्ये होती.”

साहेब शांतपणे म्हणाले, “मिहिर, उद्यापासून तीन महिने ईईजीच्या एकाही रिपोर्टवर तू सही करायची नाही. रोज सकाळी सुलभाच्या मागे उभं राहायचं. हात बांधून. बघायचं.”

माझ्या तोंडावर हसू आलं असणार, कारण साहेब माझ्याकडे वळले. “आणि तू ती पत्रकं दुरुस्त कर.”

कपाटात दोन गठ्ठे उरले होते. पुढचा आठवडाभर मी प्रत्येक पत्रकावर ‘लंडन ट्रेन्ड’ खोडून शाईने लिहीत बसले: सहा आठवडे, निरीक्षक. पणजोबांचं वळणदार अक्षर शेवटी बोटांना फोड आणून थांबलं. सावलीच्या कंपनीला नवं पत्रक मी स्वतः नेऊन दिलं. पर्सोनेलवाल्यांनी न वाचता फाइलला लावलं.

डॉक्टर मिहिर तीन महिने खरंच उभे राहिले. पहिले पंधरा दिवस नुसतं घड्याळ बघत. मग एकदा मागून म्हणाले, “सुलभाबेन, हे गिळलं ना त्याने?” गिळलंच होतं.

धनराज क्रेनवर परत गेला. पेढे घेऊन आला तेव्हा गाल फुगलेलाच होता.

माझ्या टेबलावर तेव्हापासून टॉर्च असतो. पेशंटच्या तोंडात आणि डॉक्टरच्या डिग्रीत आधी डोकावून बघावं. आणि पत्रक लिहिणाऱ्या बाईच्या अक्षराला भुलू नये.