मांजराची उबदार जागा

शेजारच्या वहिनींची तक्रार होती, की त्यांचे विजेचे मीटर फार पळते. "भाऊजी, अर्ज लिहून द्या. नाहीतर हे विजेवरचं शिलाईचं मशीन विकावं लागेल." अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय असला, तरी प्रत्यक्ष पाहणी केल्यावाचून लेखणी उचलणे मला मान्य नाही.

त्यांच्या घरी टीव्ही बंद होता आणि त्याच्या सेटटॉप बॉक्सवर मांजर गाढ झोपले होते. साऱ्या घरात त्याने हीच जागा का निवडली असावी? मी हात लावून पाहिला. बॉक्स चांगलाच उबदार होता.

"रिमोटनं बंद केलाय की!" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, रिमोटने तो नुसते डोळे मिटतो."

मनुष्यही बहुधा असाच निजतो. दिवसभराचे मानापमान आत चालूच राहतात. त्यांचे बटण कोणत्या भिंतीवर असते, याचा शोध मला अद्याप लागलेला नाही.

वहिनींनी भिंतीवरचे बटण दाबले, मोबाइलचा रिकामा चार्जरही काढला. दारातल्या मीटरवर लुकलुकणारा तांबडा ठिपका थांबला. "अगं बाई!" म्हणत त्या तडक मशीनवर जाऊन बसल्या. ठिपका पुन्हा पळू लागला. या वेळी मात्र त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.